म्यूल डिअरची पायी शिकार : क्षेत्र कसे निवडावे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत राहणाऱ्या म्यूल डिअर या हरणाला त्याचे नाव खेचरासारख्या लांब कानांमुळे मिळाले आहे. गाडीने फिरून शिकार करणाऱ्याने चुकीची दरी निवडली, तर तो तासाभरात दुसऱ्या दरीत पोहोचतो. पायी जाणाऱ्याला मात्र तीच चूक पूर्ण दिवसाला पडते आणि पाच दिवसांच्या हंगामात असे दोन दिवस गेले की हाती फारसे काही उरत नाही. म्हणून पायी शिकारीत क्षेत्राची निवड हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि ते बहुतांशी घरी, नकाशासमोर बसून करायचे असते. माझ्या मते या कामाची सुरुवात नकाशापासून न करता परवान्यावरील तारखेपासून करावी. हरीण कोठे असेल हे तारखेवर अवलंबून असते आणि आपण कोठवर जाऊ शकतो हे आपल्या पायांवर व पाठीवर अवलंबून असते. या दोहोंचा मेळ जेथे बसतो, तेवढेच क्षेत्र आपल्या उपयोगाचे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी आहे. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे सारे प्रौढ वयात, वडीलधाऱ्यांच्या शिकवणीशिवाय शिकावे लागते. त्याने दोन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा या नियमाला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून परवाना हातात येण्यापूर्वी बंदुकीला हातही लावू नये आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. दुसरी गोष्ट शिकारी-सुरक्षा प्रशिक्षणाची. उदाहरणार्थ, कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला ते पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही.

परवाना आणि विभाग

प्रत्येक राज्य शिकारीसाठी क्रमांक दिलेल्या विभागांत वाटलेले असते आणि परवाना बहुधा ठरावीक विभागापुरता व ठरावीक तारखांपुरता मिळतो. कोलोरॅडोत १९९९ पासून हरणांचे सर्व परवाने मर्यादित असून ते मुख्यतः सोडतीने दिले जातात. सोडतीचे अर्ज वसंत ऋतूत भरायचे असल्याने शरद ऋतूतील शिकारीचा विचार हिवाळ्यातच सुरू करावा लागतो. सोडतीत नंबर न लागल्यास पुढच्या सोडतीसाठी गुण साठवण्याची पद्धत राज्याराज्यांत वेगळी आहे, पण नवख्या माणसाने गुणांच्या गणितात फार अडकू नये. दहा वर्षे वाट पाहून मिळणाऱ्या नावाजलेल्या विभागापेक्षा दर एक-दोन वर्षांनी मिळणारा साधा विभाग नीट ओळखीचा करून घेणे अधिक फलदायी ठरते, कारण पायी शिकारीत ओळखीच्या डोंगराचे मोल फार मोठे असते.

राज्यांचे वन्यजीव विभाग दरवर्षी विभागवार आकडे प्रसिद्ध करतात. त्यांतील यशाची टक्केवारी सर्वांच्या नजरेत भरते, परंतु तीच सर्वांत फसवी असते. एखाद्या विभागात ६० टक्के यश दिसत असले, तरी त्यातील बरीच हरणे खासगी शेतांवर मारलेली असू शकतात आणि सार्वजनिक जमिनीवर पायी फिरणाऱ्याला त्या आकड्याचा काही उपयोग नसतो. मी त्याऐवजी दर १०० माद्यांमागे किती नर आहेत, हा आकडा आधी पाहतो. तो १५ ते २० च्या आसपास असेल, तर नर मिळतात, पण बहुतेक तरुण असतात. ३० च्या वर असेल, तर वयस्क नर दिसण्याची आशा धरता येते.

आकड्यांबरोबर मागील हिवाळ्यांचा इतिहासही वाचावा. २०२२-२३ चा हिवाळा पश्चिम वायोमिंग, वायव्य कोलोरॅडो आणि युटाच्या काही भागांत अत्यंत कडक गेला. तेथे हरणे मोठ्या प्रमाणावर मेली आणि सर्वाधिक फटका २०२२ च्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पाडसांना बसला. नराची शिंगे पाच-सहा वर्षांच्या वयात भरात येतात, हे लक्षात घेतले तर त्या पिढीची पोकळी अशा विभागांत २०२७-२८ च्या सुमारासही जाणवत राहणार, हे उघड आहे. कळपाची एकूण संख्या सावरली, एवढ्यावरून वयस्क नरांची संख्या सावरली असे होत नाही.

तारखेवरून उंची

या हरणांचा वर्षाचा प्रवास समजून घेतल्याशिवाय क्षेत्र निवडता येत नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मोठे नर उंचावर, वृक्षरेषेच्या आसपास असतात. कोलोरॅडोत ही रेषा सुमारे ११,५०० फुटांवर, म्हणजे ३,५०० मीटरवर येते. त्या काळात ते लहान टोळ्यांनी उघड्या गवताळ खोलग्यांत चरतात, शिंगांवर अजून मखमल असते आणि लांबून सहज दिसतात. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मखमल गळते, टोळ्या फुटतात आणि तेच नर अवघ्या काही दिवसांत दाट झाडीत दिसेनासे होतात. ऑक्टोबर म्हणूनच सर्वांत अवघड महिना. नर त्याच डोंगरावर असतो, परंतु उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या उतारांवरील झाडीत बसून राहतो आणि उजेडात जेमतेम अर्धा तास बाहेर येतो.

पुढे बर्फ पडू लागले की हरणे खाली सरकतात. बर्फाची खोली साधारण ४५ ते ५० सेंटीमीटरच्या पुढे गेली की त्यांना चालणे आणि खाणे दोन्ही कठीण होते. वायोमिंगमधील रेड डेझर्ट ते होबॅक हा त्यांचा स्थलांतराचा मार्ग सुमारे १५० मैलांचा, म्हणजे २४० किलोमीटरचा असून त्याची माहिती २०१४ साली जगासमोर आली. मागोवा घेण्यासाठी गळ्यात पट्टे बांधलेल्या हरणांच्या अभ्यासातून निघालेल्या दोन गोष्टी शिकाऱ्याने मनावर कोरून ठेवाव्यात. एक म्हणजे हे हरीण आपला मार्ग सहसा बदलत नाही आणि वर्षानुवर्षे त्याच खिंडीतून, त्याच सोंडेवरून उतरते. दुसरी म्हणजे स्थलांतराच्या काळातील बहुतेक वेळ ते चालण्यात न घालवता वाटेवरच्या ठरावीक मुक्कामांवर चरण्यात घालवते. म्हणून ऑक्टोबरअखेरचा किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीचा परवाना असेल, तर उन्हाळी कुरण आणि हिवाळी कुरण यांच्या मधला पट्टा धरावा आणि त्यातही झुडपे भरपूर असलेले मधल्या उंचीचे पदर, म्हणजे उतारावरील सपाट टप्पे, शोधावेत. नोव्हेंबरच्या मध्यास माजाचा काळ येतो आणि तेव्हा प्रश्न सोपा होतो : माद्या जेथे, तेथे नर.

या विवेचनाचा व्यवहारातील उपयोग असा, की नकाशावर आपल्या तारखांना योग्य अशी दोन समोच्च रेषांमधील पट्टी रंगवावी आणि तिच्या वरचे व खालचे सारे क्षेत्र निःशंकपणे वगळावे. पट्टीची एक पर्यायी जागाही ठरवावी. हंगाम कोरडा व उबदार गेला, तर ती काहीशे मीटर वर न्यायची आणि लवकर बर्फ पडले, तर खाली आणायची.

जमीन कोणाची

पश्चिमेत पायी शिकारीला वाव आहे, तो सार्वजनिक जमिनीमुळे. संघीय सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर आणि वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे आणि तिचा फार मोठा भाग शिकारीसाठी खुला आहे. राष्ट्रीय उद्याने मात्र नकाशावर वनसेवेच्या जमिनीला लागून दिसत असली, तरी त्यांत हरणांची शिकार करता येत नाही. राज्यांच्या मालकीच्या जमिनींचे नियम निरनिराळे आहेत. वायोमिंगमध्ये कायदेशीर वाट असेल तर त्या शिकारीस खुल्या असतात, पण तेथे रात्री मुक्काम करता येत नाही. कोलोरॅडोत ज्या राज्य-जमिनी सार्वजनिक प्रवेशाच्या योजनेत घेतलेल्या आहेत, तेवढ्याच खुल्या आहेत. शिवाय कोलोरॅडोत खासगी जमिनीवर फलक नसला, तरी परवानगीवाचून शिरणे गुन्हा ठरतो. हद्द ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी शिकाऱ्याची असल्यामुळे मालकीच्या सीमा दाखवणारा नकाशा भ्रमणध्वनीत आधीच उतरवून घ्यावा, कारण डोंगरात संपर्क मिळेलच असे नाही.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंनी एकाआड एक चौकोन दिले गेले. प्रत्येक चौकोन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्यामुळे दक्षिण वायोमिंगसारख्या भागात जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी झाली असून सार्वजनिक चौकोन केवळ कोपऱ्यांनी एकमेकांना टेकतात. वायोमिंगमधील एका खटल्यात दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २०२५ साली निकाल दिला, की खासगी जमिनीवर पाय न ठेवता असा कोपरा ओलांडून सार्वजनिक जमिनीवर जाणाऱ्यास जमीनमालक अडवू शकत नाही. हा निकाल कोलोरॅडो, वायोमिंग, युटा आणि न्यू मेक्सिको यांसह सहा राज्यांना लागू आहे. मोंटाना, आयडाहो आणि नेव्हाडा त्यात येत नाहीत. तरीसुद्धा नवख्या शिकाऱ्याने पहिल्या वर्षी कोपऱ्यांच्या वाटेला जाऊ नये, असेच मी सुचवेन. सर्वेक्षणाची खूण सापडली नाही, तर भ्रमणध्वनीवरील रेषा काही मीटरने चुकू शकते आणि तेवढ्याने आपण खासगी जमिनीत जाऊन उभे राहतो.

याउलट काही योजना पायी शिकाऱ्याच्या फायद्याच्या आहेत. वायोमिंगचे वॉक-इन एरिया, मोंटानाचे ब्लॉक मॅनेजमेंट आणि आयडाहोचे अ‍ॅक्सेस यस यांत जमीनमालक ठरावीक अटींवर शिकाऱ्यांना येऊ देतात. १९६४ च्या कायद्याने घोषित झालेली वन्य क्षेत्रे, म्हणजे विल्डरनेस, हीदेखील पायी माणसाला अनुकूल आहेत, कारण तेथे मोटार, मोटारसायकल, इतकेच काय, साधी सायकलही नेता येत नाही. वायोमिंगच्या अशा क्षेत्रांत मात्र राज्याबाहेरच्या शिकाऱ्याला परवानाधारक वाटाड्या किंवा राज्यातील रहिवासी सोबत असल्याशिवाय म्यूल डिअरची शिकार करता येत नाही. सोबतीची सोय नसेल, तर तो भाग यादीतून काढून टाकावा.

रस्ते आणि माणसांची वर्दळ

आता उरलेल्या क्षेत्रावर रस्ते मांडावेत. वनसेवेच्या २००५ च्या नियमानुसार कोणत्या रस्त्यावर, कोणत्या काळात, कोणते वाहन चालते हे दाखवणारे मोटार वापराचे नकाशे विनामूल्य मिळतात. साध्या नकाशावर दिसणारा रस्ता या नकाशावर बंद असतो, असे पुष्कळदा आढळते आणि पायी शिकाऱ्यासाठी हाच खजिना आहे : चालायला सोपी, मांस आणायला सोयीची आणि गाड्यांना मज्जाव असलेली वाट. खुल्या असलेल्या प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दीड किलोमीटरची पट्टी रेखाटावी. बहुसंख्य शिकारी याच पट्टीत फिरतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जितके दूर जावे तितकी चांगली शिकार, असे नेहमीच घडत नाही. आठ-दहा किलोमीटर आत गेल्यावर घोड्यांवरून येणाऱ्या शिकाऱ्यांचे तळ लागतात आणि तेथील वर्दळ कधीकधी रस्त्याकाठापेक्षाही जास्त असते. रस्त्यापासून सुमारे दोन ते पाच किलोमीटरचा पट्टा गाडीवाल्यांना लांब आणि घोडेवाल्यांना जवळ वाटतो, म्हणून तो सर्वांत दुर्लक्षित राहतो. अंतराइतकाच चढही महत्त्वाचा आहे. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, हा नेस्मिथचा १८९२ चा ठोकताळा येथे उपयोगी पडतो. मात्र अंधारात, ओझ्यासह आणि ३,००० मीटरवर चालताना त्यात निम्म्याने भर घालावी. पहाटेच्या उजेडापूर्वी दोन तासांत जेथे पोहोचता येत नाही, ती जागा रोज ये-जा करण्यासाठी नाही. तेथे तंबू नेऊनच राहावे लागेल.

रस्त्यालगतचा एखादा तुकडाही कधीकधी उत्तम निघतो. हमरस्त्याच्या अगदी वर उभा चढ आहे, गाडी लावायला जागा नाही आणि सारे शिकारी तेथून पुढच्या वाहनतळाकडे निघून जातात, अशा जागा नकाशावर मुद्दाम हेराव्यात.

डोंगराचे वाचन

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाजवळ या कामाचे शब्द आधीपासूनच असतात. धार, सोंड, खिंड, घळ आणि पदर ही पाच रूपे समोच्च रेषांत ओळखता आली, तर अर्धे काम झाले. अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांवर डोंगराळ भागात रेषांमधील अंतर बहुधा ४० फूट असते. त्यावर रेषा दाट येता येता मध्येच विरळ होऊन पुन्हा दाट झाल्या, की तो पदर समजावा. उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातील असा छोटा पदर, मागे कडा किंवा दोन-चार झाडे, पुढे मोकळी नजर, ही मोठ्या नराची रवंथ करत बसण्याची आवडती जागा असते. दिवसा ऊन चढले की वारा दरीतून वर येतो आणि खालच्या प्रत्येक गोष्टीचा वास त्याच्यापर्यंत पोहोचतो. वरून येणाऱ्याचा वास मात्र त्याला लागत नाही. रात्री व पहाटे थंड हवा खाली उतरते, तेव्हा सारे उलटे होते. म्हणून धारेवर वरून पोहोचता येईल अशी वाट नसलेली दरी कितीही सुंदर असली, तरी मी ती निवडत नाही.

अन्नाच्या बाबतीत हे हरीण चोखंदळ आहे. एल्क या मोठ्या हरणासारखे ते नुसत्या गवतावर भागवत नाही; त्याला रसाळ पालवी आणि झुडपांचे कोवळे शेंडे लागतात. बिटरब्रश, माउंटन महोगनी, सर्व्हिसबेरी आणि हिवाळ्यात सेजब्रश ही त्याची मुख्य झुडपे असून ती ओळखायला शिकणे आवश्यक आहे. जळून गेलेली जंगलेही पाहावीत, पण डोळसपणे. उंचावरील अ‍ॅस्पेन आणि मिश्र सूचिपर्णी जंगल जळाल्यावर पुढील काही वर्षे तेथे भरपूर पालवी फुटते आणि हरणे जमतात. खालच्या कोरड्या सेजब्रशच्या माळावर आग लागली, तर मात्र तेथे चीटग्रास नावाचे परके गवत माजते, झुडपे परत येत नाहीत आणि ते हिवाळी कुरण कैक वर्षांसाठी हातचे जाते. उपग्रहचित्रात दोन्ही जागा सारख्याच मोकळ्या दिसतात, म्हणून उंची पाहिल्याशिवाय जळीत क्षेत्रावर खूण करू नये.

पायी शिकाऱ्याने पायांच्या आधी डोळ्यांनी चालायचे असते. त्यासाठी निरीक्षणाची जागा लागते. एका सोंडेवर बसून दुर्बिणीने समोरचे तीन-चार उतार ६०० मीटर ते दोन किलोमीटर अंतरावरून न्याहाळता आले पाहिजेत आणि सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असला पाहिजे. तिपाईवर बसवलेली १० पटीची दुर्बीण असली, तर हरणाचा कान हललेलाही दिसतो. सलग दाट पाइनचे जंगल असलेल्या क्षेत्रात हरणे असली, तरी अशी जागा मिळत नाही आणि नवख्याने ते क्षेत्र सोडून द्यावे. निम्मे जंगल आणि निम्मे उघडे उतार अशी सरमिसळ सर्वांत चांगली.

पाठीवरचे ओझे

मांस बाहेर आणता येणार नाही अशा ठिकाणी गोळी झाडणे हा त्या प्राण्यावर केलेला अन्याय आहे आणि खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा पश्चिमेतील राज्यांत गुन्हाही आहे. प्रौढ नराचे हाडे काढलेले मांस साधारण ३० किलो भरते. त्यात शिंगे आणि स्वतःचे सामान मिळवले, तर एकट्या माणसाला बहुधा दोन खेपा कराव्या लागतात. पाच किलोमीटर आत शिकार झाली, तर एक खेप बाहेर, रिकामे परत आत आणि दुसरी खेप बाहेर, असे १५ किलोमीटरचे चालणे आले. सप्टेंबरच्या उबदार दुपारी एवढा वेळ मांस टिकवणे कठीण असते, म्हणून लवकरच्या हंगामात आपली मर्यादा निम्म्यावर आणावी किंवा सोबती न्यावा.

दिशेचाही विचार करावा. गाडी खाली लावून वर शिकार केली, तर ओझे उताराने येते. धारेवरच्या रस्त्यावरून दरीत उतरलात, तर जाताना सुखाचे असलेले ६०० मीटर परतताना ओझ्यासह चढावे लागतात. दोन जागा बाकी सर्व बाबतींत सारख्या असतील, तर रस्त्याच्या वरची निवडावी.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा प्राणघातक रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्रथम नोंदला गेला आणि आज तो अनेक राज्यांत पसरलेला आहे. निवडलेल्या विभागात तपासणी सक्तीची आहे का आणि त्यासाठी हरणाचे डोके कोठे जमा करायचे, हे आधीच पाहून ठेवावे. निकाल येईपर्यंत मांस वेगळे गोठवून ठेवावे आणि रोग आढळल्यास ते खाऊ नये.

प्रत्यक्ष पाहणी

येथवर दोन-तीनशे चौरस किलोमीटरमधून पाच-सहा जागा उरतात. राज्याच्या वन्यजीव विभागातील त्या भागाच्या जीवशास्त्रज्ञाला दूरध्वनी करावा. “हरणे कोठे मिळतील?” असे विचारल्यास मोघम उत्तर मिळते; “नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ नसेल, तर या धारेच्या पूर्वेकडच्या महोगनीच्या पदरांवर हरणे उतरलेली असतात का?” असे विचारल्यास माणूस मनापासून बोलतो. वनसेवेच्या कार्यालयात मेंढ्यांचे कळप कोणत्या कुरणात, कधीपर्यंत असतात हे विचारावे. नुकतीच मेंढ्यांनी चरलेली दरी हरणांसाठी रिकाम्या ताटासारखी असते.

उन्हाळ्यात एकदा जाऊन यावे, पण काय शोधायचे ते हंगामावर ठरवावे. सप्टेंबरचा परवाना असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष नर पाहणे उपयोगाचे. नोव्हेंबरचा असेल, तर उन्हाळ्यात तेथे एकही हरीण न दिसल्याने निराश होऊ नये. खिंडीतून खोलवर रुळलेल्या पायवाटा, शिंगे घासून सोललेली झाडे, खुडलेले शेंडे, जुन्या लेंड्या आणि गळून पडलेली शिंगे हेच तेव्हाचे पुरावे. त्याच फेरीत पाण्याच्या जागा, तंबूची जागा आणि अंधारात चालायची वाट पायाखालून घालावी. वायव्य वायोमिंग आणि मोंटानाच्या काही भागांत ग्रिझली अस्वले असल्याने तेथे अस्वलरोधक फवारा हाताशी असावा आणि मांस तंबूपासून दूर टांगता येईल असे झाड हेरून ठेवावे.

अखेरीस तीन जागा नक्की कराव्यात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात : एक उंच, एक मधली आणि एक खालची, शक्य तर वेगवेगळ्या वाहनतळांवरून जाणाऱ्या. हंगामाच्या आदल्या दुपारी पोहोचून पहिल्या जागेच्या वाहनतळावरील गाड्या मोजाव्यात. पाच-सहापेक्षा जास्त असल्या, तर वाद न घालता दुसरी जागा धरावी. एकदा बसल्यावर दीड दिवस मन लावून पाहावे. तेवढ्या वेळात ना हरीण, ना ताजे ठसे, ना ओल्या लेंड्या दिसल्या, तर त्याच संध्याकाळी तंबू आवरून पुढच्या जागी जावे, म्हणजे तिसऱ्या दिवसाची पहाट नव्या धारेवर उजाडेल.